तांदळात लिहिलेलं नाव

नवऱ्याकडे जायला बायकोला कोणकोणते फॉर्म लागतात, हा प्रश्न मी त्या वर्षी ज्याला ज्याला विचारला त्याने वेगळं उत्तर दिलं, आणि तेही साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे हे सांगावं इतक्या सहज. देशाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्यांच्या वेबसाइटवर आग पाखडण्यातच पानं संपतील, आणि मला सांगायचं आहे ते वेगळं आहे. एवढंच सांगते की त्या वेबसाइटचा पहिला प्रश्न होता, तुम्ही विवाहित जोडीदार आहात, सोबत राहणारे जोडीदार आहात, की विवाह ठरलेले जोडीदार? 'विवाहित' निवडलं की पुढचा प्रश्न, सध्या एकत्र राहता का? 'नाही' म्हटलं की सगळी यादी बदलायची आणि तिच्यात दोन नवे फॉर्म उगवायचे. अहो, एकत्र राहत असतो तर तुमच्या दारात कशाला आले असते?

लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि त्यातला निम्मा काळ नवरा तिकडे, मी इकडे. तो नोकरीसाठी गेला तेव्हा आम्ही बेंगळुरूच्या टोकाचा, बेळ्ळंदूरचा भाड्याचा फ्लॅट सोडला आणि मी सासरी राहायला आले. सासर बेंगळुरूच्या जुन्या पेठेत आहे, खाली कापडाचं दुकान आणि वर घर. ही मंडळी कित्येक पिढ्या इथलीच. बोलतात मराठी, पण थोड्याला 'स्वल्प' आणि ठीकला 'सरी' म्हणणं मराठी नाही, कन्नड आहे असं सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. मी बेळगावच्या पलीकडची, सीमेवरच्या गावातली, त्यामुळे मला त्यात परकं काही वाटलं नाही. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, आमच्या भागात तशीच रीत आहे. ऑफिस मात्र बेळ्ळंदूरलाच राहिलं, म्हणजे रोज रिंग रोडवर बसमध्ये बसून स्वतःचं आयुष्य संपताना बघायचं.

नवऱ्याच्या कंपनीने मला बोलावून घेण्यासाठी जे पत्र दिलं होतं ते मार्चअखेरपर्यंतच चालणार होतं. तोवर माझा अर्ज दाखल झाला नाही तर सगळं पहिल्यापासून, आणि कंपनी पुन्हा पत्र देईलच असं कोणी छातीठोक सांगायला तयार नव्हतं. मला माझ्या नवऱ्यासोबत राहायचं होतं. मागणी एवढीच होती, आणि ती फार मोठी आहे असं मला आजही वाटत नाही.

तर फॉर्म. एक माझा. एक नवऱ्याने भरायचा, की हिची जबाबदारी माझी. एक दोन्हीकडच्या कुटुंबांचा, आईबाप, भाऊबहीण, जिवंत, मृत, सगळे. एक प्रश्नावली, आमचं नातं खरं आहे हे पटवून देणारी. शिवाय हे फॉर्म ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. उघडले की मधोमध एक ओळ येते, कृपया थांबा. मी पहिल्या दिवशी खरोखरच थांबले. कॉफी करून आणली, प्यायले, कप विसळून ठेवला, तरी ते आपलं कृपया थांबा. नंतर कळलं की फाइल आधी उतरवून घ्यायची आणि मग वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडायची. हे त्या पानावर लिहायला त्यांचं काय जात होतं?

प्रश्नावली तर वाचवत नव्हती. तुमची पहिली भेट कुठे झाली, मागणी कोणी घातली, त्या वेळी तुमच्या भावना काय होत्या? आमची पहिली भेट एका दर्शिनीत, इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, इडली खाताना झाली आणि शेजारच्या टेबलाला माझे काका आणि आईचे भाऊ सांबार परत मागत उभे होते. मागणी कोणी घातली म्हणजे? बायोडेटा काकूंनी पाठवला होता. आमचं आता बरं चाललं आहे, आमचा एकमेकांवर जीव आहे, पण ते कसं झालं याची तारीख लिहायला जागा होती आणि माझ्याकडे तारीख नव्हती.

शेवटी ऑफिसातल्या एकीने पत्ता दिला म्हणून महादेवपुऱ्यातल्या एका एजंटाकडे गेले. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर त्याची खोली. भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचे फोटो, खाली चपलांचा ढीग. त्याने यादी हातात ठेवली. घरी येऊन ताडून बघितली तर ती विद्यार्थ्यांच्या बायकांसाठीची निघाली. परत गेले. त्याला काही वाटलं नाही. 'फॉर्म तो फॉर्म है मॅडम,' म्हणाला, आणि दुसरी यादी काढली. मग माझे कागद एकेक करून बघायला लागला आणि लग्नाच्या दाखल्यावर थांबला.

'मॅडम, इस सर्टिफिकेट में लडकी कौन है?'

'मी,' असं माझ्या तोंडून मराठीतच गेलं.

'और पासपोर्ट में?'

'तीही मीच.'

त्याने दोन्ही कागद माझ्याकडे वळवून ठेवले. दाखल्यावर नवऱ्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आणि वधू म्हणून एक बाई, जिचं नाव माझ्या पासपोर्टात नव्हतं, पदवीत नव्हतं, ऑफिसच्या ओळखपत्रावर नव्हतं. कागदावरून बघायचं तर माझ्या नवऱ्याचं लग्न कोणा दुसरीशीच झालं होतं आणि मी तिच्या जागी व्हिसा मागायला आले होते. तळपायाची आग मस्तकात गेली. एजंटावर नाही. त्याने निदान नीट वाचलं तरी होतं.

ही दुसरी बाई आली कुठून, ते सांगते. आमच्यात लग्न लागून सून घरात आली की लक्ष्मीपूजन होतं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. आता बऱ्याच घरांत हे बंद झालंय, किंवा जुनंच नाव पुन्हा लिहितात आणि फोटो काढतात. माझ्या सासरी बंद झालं नव्हतं. नाव आत्यांनी ठरवलं होतं. मला ते ताटासमोर बसल्यावर कळलं. माझं नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं, मला आवडतं, त्यात काय वाईट आहे, असं मी नवऱ्याच्या कानात विचारलं. तो म्हणाला, 'नुसता विधी आहे गं. ताटातलं ताटात राहील.' आणि अंगठी तांदळात फिरवली. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची खीर झाली आणि मी समजले की नाव खिरीत गेलं.

ते गेलं नव्हतं. मामांची कामाची एक पद्धत आहे, आधी सह्या, मग मजकूर. दुकानाचे कागदही तसेच. लग्नाच्या नोंदणीचा अर्ज त्यांनी दुकानाच्या काउंटरवर माझ्यापुढे कोराच सरकवला, सही घेतली, आणि नंतर ओळखीच्या मध्यस्थाला बसवून भरला. सून म्हणजे सासरचं नाव, सरकारी कागदावर तेच घालायचं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मध्यस्थानेही शंका काढली नाही. तो त्याच पेठेतला, त्याच्या घरीही ताट होतंच. कचेरीत आम्ही उभे राहिलो तेव्हा कारकुनाने फोटोशी चेहरा ताडला, शिक्का मारला, पुढचा म्हणाला. दाखला मामांच्या कपाटात गेला आणि मला त्याचं तोंड दिसलं नाही ते एजंटाकडे जायच्या आदल्या दिवसापर्यंत. त्या दिवशीही मी फक्त तारीख बघितली, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

घरात मात्र ते नाव रोज होतं. फ्लॅटवर होतो तोवर सणावारापुरतं, पण सासरी राहायला आल्यापासून उठता बसता. मामा खालून हाक मारायचे, त्याच नावाने. मला ती हाक आपल्यासाठी आहे हे कळायला क्षणभर लागायचं, आणि तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून 'ओ' द्यायच्या. दरवेळी. मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, 'तुला बोलावतात बघ.' मला वाटायचं, मला ऐकू येत नाही असं मामांना दाखवायची ही त्यांची तऱ्हा. याचाही राग मनात साठत होता.

एजंटाकडून आले त्या संध्याकाळी मी मामांना दाखला दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि परत दिला.

'बरोबर आहे की. चूक कुठं आहे?'

'हे माझं नाव नाही मामा.'

'नाही कसं? ताटात लिहिलंय, चार माणसांत लिहिलंय. तू असं कर, पासपोर्टात हे घालून घे. एकदा का ते झालं की सगळं सारखं. स्वल्प खर्च येईल, मी देतो.'

एजंटाचंही तेच मत होतं. दाखला दुरुस्त करायचा तर कचेरीच्या खेपा, त्यात मार्च कधी निघून जाईल कळणार नाही. पासपोर्ट बदलणं सोपं. मग पदवीचं विद्यापीठाकडून करून घ्यायचं, मग पॅन, मग ऑफिस, मग बँक. म्हणजे एका कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीपायी माझं शिक्षण, नोकरी आणि बापाने ठेवलेलं नाव या सगळ्यांनी एकेक करून माघार घ्यायची, आणि ती चूक तेवढी जागच्या जागी बसून राहणार. हे सोपं.

नवऱ्याला सकाळी फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'जे लवकर होईल ते कर ना. मी तर तुला तुझ्याच नावाने हाक मारतो.' तो खरंच मारतो. पण अंगठी त्याच्याच हातात होती. मी तसं म्हटलं. 'माझा शब्द चुकला,' तो म्हणाला, 'पण आता मार्चचं काय करायचं?' मी फोन ठेवला.

मग मी एजंट, मामा, नवरा सगळ्यांना बाजूला ठेवलं आणि सूचनांचं पुस्तक स्वतः वाचायला घेतलं. ते लांबलचक आहे, कोणीही वाचत नाही, आणि न वाचता सगळे त्याबद्दल सल्ले देतात. बसमध्ये वाचलं, जेवणाच्या सुट्टीत वाचलं. माझ्याच अर्जात एक प्रश्न होता जो आम्ही सगळ्यांनी 'नाही' म्हणून पुढे सारला होता. तुम्हाला इतर कोणत्या नावाने ओळखलं जात होतं का? त्याच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की 'हो' असेल तर ते नाव लिहा, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं शपथपत्र जोडा, आणि नाव का बदललं याचा खुलासा कुटुंबातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून सहीनिशी घ्या. पासपोर्टाला हात लावायची गरजच नव्हती. एवढंसं होतं ते. एजंटाला दाखवलं तर म्हणाला, 'हां, ये भी चलता है.'

शपथपत्र करायला कोर्टाजवळच्या नोटरीकडे गेले. टायपिस्ट बाईंनी मजकूर वाचून दाखवला, की वर नमूद केलेल्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे आणि हे मी शपथेवर सांगते. 'सरी आहे का अक्का?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सरी आहे. मी मीच आहे हे सांगायला मला स्टॅम्प पेपर लागला, आणि त्या बाईंनी असे रोज किती बायकांचे टाइप केले असतील कोण जाणे. त्यांच्याकडे मजकूर तयारच होता, फक्त नावं बदलायची.

राहिला वडीलधाऱ्यांचा खुलासा. मामांनी हात झटकले. 'काय लिहू? आम्ही सुनेचं नाव चुकीचं घातलं म्हणून? परदेशातल्या साहेबाला? आमच्या घरात असं लेखी काही देत नाहीत.' मी म्हटलं, चुकीचं लिहू नका, रीत आहे एवढंच लिहा. ते म्हणाले, रीत आहे तर खुलासा कशाला? आणि पेपर वाचायला लागले. मामा वाईट माणूस नाहीत. माझा बसपास संपला की न सांगता काढून आणायचे. पण त्या दिवशी तो पेपर त्यांच्या हातातून ओढून घ्यावा असं माझ्या मनात आलं होतं.

दुसऱ्या रविवारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन कुटुंबाचा फॉर्म भरत होते. निदान तो तरी पुरा करू म्हणून. जानेवारी होता, अवरेकाळूचे, म्हणजे ओल्या पावट्याचे दिवस. आत्यांनी रात्रभर भिजवलेले दाणे परातीत घेतले होते आणि समोर बसून एकेक दाणा बोटांत दाबून सालातून बाहेर काढत होत्या. खिडकीजवळ मामा पेपर घेऊन बसले होते. माझ्या आईवडिलांचे रकाने भरून झाले. मग जोडीदाराचे वडील. मग जोडीदाराची आई, आणि तिथे लिहिलेलं होतं, जन्माच्या वेळचं पूर्ण नाव.

सकाळीच नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, 'आईचं नाव म्हणजे आईचं नाव. वेगळं काय असणार?' मी त्याला विचारलं होतं की तुला कधी प्रश्नही पडला नाही का. नव्हता पडला.

'आत्या, तुमचं लग्नाआधीचं पूर्ण नाव सांगा.'

उत्तर मामांनी दिलं. 'माहेरचं आडनाव घाल. नाव तेच ठेव.'

'तेच चालणार नाही. बदललं असेल की लग्नात.'

'बदललं तर. मीच लिहिलं ताटात.' मामांनी पेपर खाली ठेवला, त्यांना आठवून बरं वाटलं असावं. 'हुबळीला होतं लग्न. कार्यालयात लाइट गेले होते, पेट्रोमॅक्स आणली. म्हैसूरपाक कमी पडला. आणि नाव... स्वल्प थांब, आठवतो.'

ते आठवत राहिले. मी थांबले. आत्या दाणे दाबत होत्या. मामांना पेट्रोमॅक्स कोणाकडून आणली ते आठवलं, कार्यालयाच्या मालकाचं नाव आठवलं, वरातीला कोणाची गाडी होती ते आठवलं. जे नाव पुसून त्यांनी दुसरं लिहिलं होतं ते काही आठवेना.

मग आत्यांनी ते सांगितलं. मान वर न करता, पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, शाळेत हजेरी देतात तसं.

मामा हसले. 'अगं, ते हिचं नाव. ती तुझं विचारतेय.'

'माझंच सांगते,' आत्या म्हणाल्या.

मला आधी वाटलं त्यांचा गोंधळ झाला. मग त्यांच्या हाताकडे बघितलं. हात थांबला होता आणि बोटांतला दाणा सालासकट तसाच होता. तेच नाव. माझ्या लग्नाच्या दाखल्यावरचं, मामा रोज खालून ज्याने हाक मारत होते ते. आणि रोज त्या हाकेला आत्या आधी 'ओ' देत होत्या, कारण ती त्यांना लहानपणापासून सवय होती.

मामांना कळायला माझ्यापेक्षा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी पेपराची घडी घातली, ती उलगडली, परत घातली. मग दुकानाची किल्ली घेतली आणि खाली गेले. रविवार होता आणि दुकान बंद होतं.

मला आत्यांची कीव यायला हवी होती, असं हे ऐकणारे म्हणतात. मला राग आला. 'मग मला कशाला दिलंत ते?'

'घरात कुणीतरी ते नाव घ्यावं वाटायचं,' त्या म्हणाल्या. 'मुलगी झाली असती तर तिला ठेवलं असतं. झाली नाही.'

'माझं होतं की एक. माझ्या वडिलांनी ठेवलेलं.'

'होतं.'

'तुम्हाला माहीत होतं कसं वाटतं ते. तरी केलंत. तुमचं तुम्ही परत घ्यायचं होतं.'

'कसं घेऊ? मला कोण हाक मारणार होतं त्या नावानं?' त्यांनी तो दाणा दाबला, साल बाजूला टाकलं. 'पहिल्यांदा तुला हाक मारली त्यांनी, तेव्हा मी आत रडले. बरं वाटून. तुला वाईट वाटत असेल हे डोक्यातच आलं नाही बघ. मागाहून आलं. तोवर दाखल्यावर चढलं होतं.'

माफी त्यांनी मागितली नाही आणि मी काही देऊ केलं नाही. राग कोणावर काढावा तेच कळेना. आत्यांवर होता, पण तो त्यांच्याजवळ थांबेना, त्यांच्या मागे पेट्रोमॅक्सच्या उजेडात ताटापुढे बसलेल्या एका मुलीपाशी जाऊन पोचायचा आणि तिथे मला काही बोलता यायचं नाही. मामांवर होता. ज्या नावाने ते इतके दिवस मला बोलावत होते ते कधीतरी आपल्या बायकोचं होतं, हे त्यांना ओळखू आलं नव्हतं.

'पासपोर्टात बदलू नकोस,' आत्या म्हणाल्या. 'काय ते पत्र पाहिजे ते मी देते.'

मी फॉर्ममधल्या त्या चौकटीत त्यांचं नाव टाइप केलं. अक्षरं त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा आणायला सांगितला, वाचलं, आणि वडिलांच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त करून घेतलं.

पत्र त्यांनी कन्नडमध्ये लिहिलं, त्यांची शाळा कन्नड. पानभरही नव्हतं. आमच्यात लग्नात सुनेचं नाव बदलतात. हिचं बदलायचं मी ठरवलं, हिला विचारलं नाही. दाखल्यावर आहे ते नाव हिचं नाही. ते माझं आहे. खाली आधारकार्डावरच्या नावाने सही, कारण दुसऱ्या नावाने केलेली सही कोणी धरली नसती. मी त्याचं इंग्रजी करून घेतलं आणि एजंटाला दाखवलं. तो म्हणाला, 'मॅडम, लास्ट लाइन निकाल दो. ऑफिसर कन्फ्यूज होगा.'

मी म्हटलं, होऊ दे. नाही काढली.

अर्ज मार्चच्या आत गेला. मधे बरेच महिने काही कळलं नाही, मग एक दिवस बेळ्ळंदूरच्या बसमध्ये असताना मेल आला. व्हिसा माझ्या नावाने आला, वडिलांनी ठेवलेल्या. लग्नाचा दाखला अजून तसाच आहे, तो दुरुस्त करायची लढाई वेगळी आहे आणि ती मी करणार आहे. व्हिसा मिळाला म्हणून राग गेला असं काही झालं नाही.

त्या रविवारनंतर मामांनी मला नावाने हाक मारणं सोडलं होतं. अगं, ऐक, इकडे ये, असं चालायचं. आत्यांना ते आधीपासूनच तसंच बोलवायचे. घरात दोन बायका आणि दोघींना मिळून 'अगं'. कोण उठायचं हे आम्ही नजरेने ठरवत असू.

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. मामा माझी मोठी बॅग घेऊन अर्धा जिना उतरले होते. तिथे ते थांबले, वर बघितलं, माझ्या डोक्यावरून स्वयंपाकघराकडे, आणि त्यांनी ते नाव घेतलं. मोठ्याने, आधी मला मारायचे तशीच हाक.

'ओ,' आत्यांनी आतून दिली.

'चटणीपुडीचा डबा दिलास काय तिला?'

आत्या दारात आल्या. हातात डबा होता. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि जिन्याकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. मामा बॅग घेऊन खाली उतरत होते.

पुढे मी हे ज्यांना सांगितलं त्यांना हा शेवट गोड वाटतो. मला त्या वेळी गोड काही वाटलं नाही. आत्यांना त्यांच्या नावाने हाक मारणं इतकं सोपं होतं, एवढंच डोक्यात होतं, आणि विमानतळ येईपर्यंत माझे कान रागाने तापलेले होते.